टाकी हलणार नाही

मच्छिंद्रने हॉलमध्ये ती काचेची मोठी टाकी बसवली, तेव्हा त्याच्या बायकोला, मैनाला, कोणी विचारलं नव्हतं. कोथरूडच्या ज्या जमिनीत त्याचा आजा ज्वारी काढायचा, तिथे आता चार इमारती उभ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचा वरचा सगळा मजला ह्यांचा होता. फ्लॅट घेणारी गिऱ्हाइकं तो चहाला घरी आणायचा. ती माणसं दारातच थबकून खाऱ्या पाण्यातले मासे बघत राहायची. खडकावर एक बदामी रंगाचं फूल डुलत असायचं. खरं तर ते फूल नव्हतं, ॲनिमोनी नावाचा समुद्रातला प्राणी होता. पण घरात सगळे फूलच म्हणत. दोन नारिंगी मासे त्याच्या बोटांएवढ्या जाड पाकळ्यांत शिरून झोपायचे.

वर्षभरात हौस फिटली. देखभालीला येणारा माणूस मच्छिंद्रनेच बंद केला. मग काच पुसणं, पाणी बदलणं, माशांना खाऊ घालणं हे सगळं न सांगता मैनाकडे आलं. ह्या घरातली बहुतेक कामं तिच्याकडे अशीच आली होती.

मे महिन्यात पाहुणे यायचे होते. टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र घरघर करतं म्हणून मच्छिंद्रने त्याचं बटण बंद केलं. पाहुणे जेवून गेले. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे सासवडला लग्नाला गेले, आणि ते बटण बंद ते बंदच राहिलं.

परत आल्यावर मैनाने आधी टाकीकडे पाहिलं. पाणी कोमट झालं होतं. निळा मासा तळाशी मरून पडला होता, बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते. आणि फूल पांढरं पडलं होतं. रिकाम्या पिशवीसारखं खडकावर लोळत होतं, मधलं तोंड सताड उघडं.

बिबवेवाडीत हमीदभाईंचं माशांचं दुकान होतं. मैना स्कूटर काढून तिथे गेली. हमीदभाईंनी तिच्या फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला आणि मान हलवली.

"ताई, मी खोटं नाही सांगत. असं झालेलं सहसा वाचत नाही. काढून टाका. आत मेलं आणि सडलं, तर सगळं पाणी नासेल. एकही मासा उरायचा नाही."

"अजून मेलेलं नाही ना?"

"पाय सुटलाय का खडकावरनं?"

"नाही. मी हलवून पाहिलं. घट्ट धरून बसलंय."

हमीदभाईंनी फोटो पुन्हा पाहिला. "वास?"

"समुद्रासारखा. घाण नाही."

"मग तुमची मर्जी. पण मी सांगितलं नाही असं म्हणू नका." त्यांनी आतून मिठाची पिशवी आणली आणि काय काय करायचं ते समजावून सांगितलं. पाणी एकदम गार करायचं नाही, हळूहळू. दिवा मंद. रोज थोडं थोडं पाणी बदलायचं. तोंड मिटलं की कोळंबीचा तांदळाएवढा तुकडा भरवायचा. "आणि सडका वास आला, तर विचार करत बसू नका. त्याच मिनिटाला बाहेर."

घरी मच्छिंद्र वाटच बघत होता.

"कशाला गेलीस एवढ्या उन्हात? सोमवारी सुताराची माणसं येतायत. ह्या भिंतीवर टीव्ही घ्यायचा ठरलंय. टाकी काढतोय आपण."

"कोणी ठरवलं?"

तो हसला. त्याला ती थट्टाच वाटली. "मी. दुसरं कोण?"

मैनाने यंत्र अगदी मंद चालू केलं, बादलीत पाणी घेतलं आणि मीठ कालवायला बसली.

पहिल्या आठवड्यात फुलाने काही खाल्लं नाही. तोंड मिटलं की ती चिमट्याने तुकडा टेकवायची. पाकळ्यांत धरायचा जोर नव्हता, तुकडा घरंगळायचा आणि नारिंगी मासे तो पळवायचे. शिवाय ते सवयीने फुलात घुसून लोळायचे, त्याने ते आणखी मिटायचं. शेवटी तिने स्वयंपाकघरातली भाजी धुवायची जाळीदार टोपली आणली आणि फुलावर पालथी घातली. मासे बाहेरून टोपलीला धडका देत राहिले.

"काय गं, कोंबडी झाकलीस का?" सासूबाई, बायडाबाई, सोफ्यावरून म्हणाल्या.

"आजारी आहे, आई."

"जगतंय का?"

"माहीत नाही."

"हाय तवर हाय," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. तिने बाजू घेतली की नुसतं बोलून दाखवलं, ते मैनाला कळलं नाही. पण त्या घरात ज्याने 'काढून टाक' म्हटलं नाही, असं ते पहिलंच माणूस होतं.

सोमवारी सुताराची दोन माणसं आली. पाणी उपसायचा पाइप त्यांनी सोबत आणला होता.

"पाइप घेऊन जा," मैना म्हणाली. "टाकी हलणार नाही."

"साहेबांनी सांगितलंय, मॅडम."

"साहेबांना बोलवा."

मच्छिंद्र साइटवरून तडक आला. बूट न काढताच हॉलमध्ये शिरला. "काय चाललंय हे? माणसं खोळंबलीत."

"त्यांना जाऊ द्या. हे फूल आत्ता हलवलं तर मरेल."

"मेलेलंच आहे ते! पांढरंफटक पडलंय. मीच सांगतो ना, नवीन आणू पाहिजे तर."

"पांढरं का पडलं?" मैनाने विचारलं. आवाज चढवला नव्हता तिने. "यंत्र तुम्ही बंद केलंत. परत चालू करायचं तुमच्या लक्षात राहिलं नाही. निळा मासा तुम्ही मारलात. हे मारू देणार नाही."

सुताराच्या माणसांनी माना खाली घातल्या. त्या घरात मच्छिंद्रची चूक मोठ्याने कोणी बोलून दाखवली नव्हती, त्याच्या वडिलांनीसुद्धा नाही. त्याचा चेहरा लाल झाला.

"एका शेवाळासाठी नवऱ्याला चारचौघांत बोलतेस?"

"हो."

"पस्तावशील."

"पस्तावेन. पण टाकीला हात लावायचा नाही." ती जाऊन काचेला पाठ लावून उभी राहिली. "आणि टीव्ही बघायचा असेल तर बेडरूममध्ये आहे."

बायडाबाईंनी लसणाची सालं पदरातून झटकली. "मच्छ्या, बूट काढ आधी," त्या म्हणाल्या.

सुताराची माणसं पाइप गुंडाळून निघून गेली. मच्छिंद्र बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. तिला वाटलं होतं, घर खायला उठेल. तसं काही झालं नाही. उलट कामं भराभर उरकायची.

पाऊस सुरू झाल्यावर एका सकाळी तिने कोळंबीचा तुकडा टेकवला, आणि चार-पाच पाकळ्या हळूच त्याच्यावर वळल्या. घरंगळला नाही. तोंड उघडलं, तुकडा आत गेला. मैना स्टुलावर तशीच बसून राहिली, हातातल्या चिमट्यातून साडीवर पाणी ठिबकत होतं. मग तिने हमीदभाईंना फोन लावला.

"खाल्लं."

"खरंच?" पलीकडे ते मोठ्याने हसले. "ताई, मी तर त्याची आशाच सोडली होती."

"मला माहीत आहे," मैना म्हणाली.

रंग यायला दिवाळी उजाडली. आधी देठाशी, मग पाकळ्यांना. पूर्वीइतका गडद झालाच नाही. आकारही निम्माच राहिला. टोपली निघाली, मासे परत आत शिरले. आणि अंगात बळ येताच फुलाने जागा सोडली. रोज बोटभर सरकत ते खडकाच्या मागच्या अंगाला गेलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलं. सोफ्यावरून आता दिसायचंच नाही.

मच्छिंद्रची गिऱ्हाइकं पुन्हा चहाला यायला लागली होती. त्याने मैनाला हळूच म्हटलं, "ते पुढे आण ना जरा. मागे असून काय उपयोग?"

"उपयोग नाहीच," मैना म्हणाली. "त्याला जिथे बसायचं तिथे ते बसेल."

त्याने तोंड उघडलं, लसूण सोलत बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि चहाचा ट्रे स्वतःच उचलून पाहुण्यांकडे गेला.