हवा धरायची नाही

आमच्या ह्यांना अख्खी इमारत ‘सर’ म्हणते, म्हणून मीही म्हणते. माझ्या म्हणण्यात आदर किती, ते विचारू नका. पस्तीस वर्षं या माणसाने पोरांना वस्तू वरून खाली सोडायला शिकवलं. मनोऱ्यावरून दगड, गच्चीवरून चेंडू, विहिरीत नाणं. निवृत्त झाले तरी तळमजल्यावरच्या खोलीत रोज सकाळी शिकवणी आहेच, आणि प्रत्येक गणिताला तेच पालुपद: "हवेचा रोध नगण्य. हवा धरायची नाही!" जेवताना हातून घास सांडला तरी हे आधी ताटापासूनची उंची विचारतात.

ती तळमजल्याची खोली इमारतीच्या अध्यक्षांच्या मर्जीने मिळालेली आहे, एवढं लक्षात असू द्या.

तर गेल्या आठवड्यात अध्यक्षांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या टपावर वरून कुंडी आदळली. टपाला हा एवढा खड्डा! वरच्या तिसऱ्या मजल्यावर स्वतः अध्यक्ष राहतात. चौथ्यावरचं जोडपं मुलीकडे गेलेलं, आणि त्यांच्या झाडांना पाणी घालायला घराची किल्ली कामवाल्या बाईकडे. दोन्ही गॅलऱ्यांत तसल्याच लाल कुंड्या, कोणाच्या किती ते कुणी मोजलेलं नाही. बाई इमारतीतल्या सहा घरी धुणीभांडी करते, त्यावर तिचं घर चालतं. अध्यक्षांनी फर्मान काढलं, "बाईनेच पाडली. उद्यापासून इमारतीत पाऊल ठेवायचं नाही." बिचारी सांगून सांगून दमली की त्या दिवशी ती वर गेलीच नव्हती. ऐकतो कोण!

रविवारी तळमजल्याच्या खोलीत सभा भरली, आणि आमचे सर उठले. "भांडता कशाला? हे तर नववीचं गणित आहे." खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला.

फाटकावरच्या कॅमेऱ्यात कुंडी दिसते ती शेवटचे सव्वासहा मीटर, आणि तेवढं अंतर तिने अर्ध्या सेकंदात कापलेलं. सरांनी गाडीच्या टपापासून दोन्ही कठड्यांची उंची दोरीने मोजून आणली होती. तिसरा मजला सव्वाअकरा मीटर, चौथा सव्वाचौदा.

"कुंडी फेकली नाही, सुटली. म्हणजे आरंभीचा वेग शून्य," सर फळ्यावर लिहू लागले. "गुरुत्वत्वरण दहा धरू. हवा अर्थातच धरायची नाही." खडू टकटक चालला. शेवटी त्यांनी उत्तराखाली झोकात दोन रेघा मारल्या. सव्वाअकरा मीटर.

अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग सावकाश सगळ्या खोलीवर नजर फिरवली. "खोली छान लागलीय तुमच्या शिकवणीला, नाही का सर?"

सरांनी घसा खाकरला. "तसं पाहिलं तर... हवा असतेच. हवेने कुंडीचा वेग थोडा कमी केला असणार. म्हणजे ती आणखी वरून, चौथ्यावरूनही आली असेल."

माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. पस्तीस वर्षांत जी हवा लागली नाही, ती नेमकी आज लागली!

दाराशी बसलेली बाई हळूच म्हणाली, "सर, मी रोज फरशी पुसताना ऐकते. हवा धरायची नाही म्हणता ना तुम्ही?"

"तो अभ्यासक्रम झाला," सर फळ्याकडे बघत पुटपुटले.

"मग प्रयोगच करू," मी उठले. "माझ्याकडे तसल्याच दोन कुंड्या आहेत. एक तिसऱ्यावरून सोडू, एक चौथ्यावरून. कॅमेरा आहे, गाडी तिथेच उभी आहे. सर, मोजा किती हवा लागते ते!"

मी खरंच जिन्याकडे निघाले तशी अध्यक्षीणबाई किंचाळली, "अहो, नको! आता आणखी खड्डा नको! कठडा उतरता आहे हो आमचा. मी पाडली नाही, ती पडली!"

अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं. बाईची माफी मात्र कुणी मागितली नाही. "एवढीशी बाब," म्हणत अध्यक्ष खुर्ची सरकवून उठले, "उगाच सगळ्यांची सकाळ गेली. बाई, उद्या वेळेवर ये."

"बाकी पाच घरी येईन," बाई पदर खोचत म्हणाली. "तुमचं काम सोडलं मी. फेकलं नाही हं साहेब, नुसतं सोडलं."

जिना चढताना सर माझ्यामागून येत होते. तिसऱ्या पायरीवर त्यांना राहवलं नाही. "अगं, पण हवेचा रोध असतो. शास्त्रच आहे ते."

"असतो ना," मी म्हटलं. "हवेला जमतो. तुम्हाला नाही जमला."