चाळीस पिनांची कादंबरी

दुरुस्तीवालीने हार्ड डिस्क उलटी केली आणि पेनाच्या टोकाने मागच्या पिना मोजल्या.

"एकोणचाळीस," ती म्हणाली.

"चाळीस हव्यात," मास्तर लगबगीने म्हणाले. "म्हणजे एक तुटली. संपलं. चल गं."

"मधली एक मुळातच नसते, काका. केबल उलटी बसू नये म्हणून."

हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, त्यांनी नसलेल्या पिनेचाही घेऊन पाहिला. शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको कापडी पिशवी मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती. आज सकाळी तिनेच माळ्यावरून डिस्क उतरवली, फडक्याने पुसली आणि म्हणाली, "चला, यातलं काढून आणू या." तेव्हापासून मास्तर घरी परतायचं निमित्त शोधत होते.

त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी, भूगोल शिकवत असताना, आपण कादंबरी लिहायला घेतल्याचं मास्तरांनी घरात, शाळेत आणि सासुरवाडीत जाहीर करून टाकलं होतं. रोज संध्याकाळी ते कॉम्प्युटरच्या खोलीचं दार लावून घेत आणि आत दीड-दोन तास पत्ते लावत. जेवायला बाहेर येताना कपाळ चोळत येत. पुढे कॉम्प्युटर जळाला, डिस्क तेवढी वाचली, आणि त्याच दिवशी मास्तरांनी सांगून टाकलं की कादंबरी पूर्ण झाली होती, पण आता आत अडकली.

बाकीचं काम जगाने केलं. मास्तरांच्या डिस्कला लागायची ती तीन बोटं रुंद, चपटी केबल बाजारातून गेली आणि तिच्या जागी बोटभर रुंदीची आली. ती घराघरात रुळते तोच केबलच नसलेली पिढी आली, पट्टीसारखी सरळ बोर्डावर खोचायची आणि एक स्क्रू मारायचा. लोक दर वेळी नव्या खर्चाने कुरकुरले. मास्तर मात्र दर पिढीला मनातल्या मनात दंडवत घालत. कादंबरीची चौकशी झाली की ते पाहुण्यांना या तिन्ही पिढ्या समजावून देत, नकाशावर नद्या दाखवाव्यात तशा. चहा गार होई, पण पाहुणा परत विचारत नसे.

"काका, तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं," दुरुस्तीवाली त्यांचं व्याख्यान ऐकून म्हणाली.

"म्हणूनच सांगतो, आता ही कशालाच लागणार नाही."

"लागेल की." तिने खणातून काडेपेटीएवढी डबी काढली. तिच्या एका बाजूला रुंद तोंड होतं, दुसऱ्या बाजूला अरुंद, आणि मागून शेपटी लॅपटॉपला. "जुनी, मधली, दोन्ही चालतात."

दोन पिढ्यांचं भांडण एवढ्याशा डबीने मिटवावं, हे मास्तरांना अत्यंत अन्यायाचं वाटलं.

तिने डबी जोडली. डिस्क घरघरली आणि फिरू लागली. पण पडद्यावर काहीच उमटलं नाही. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. ते उठून चप्पल शोधू लागले.

"थांबा." दुरुस्तीवालीने वीज बंद केली आणि पिनांवरची तांदळाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी चष्मा वर करून पाहिली. "हा जंपर चुकीच्या जागी आहे. आपोआप सरकत नाही हा. कोणीतरी चिमट्याने हलवलाय."

"माझ्या भाच्याने एकदा जोडून पाहिली होती, तेव्हा अशीच चालली नव्हती," बायको म्हणाली. "चिमटा आमच्याकडे एकच आहे. यांचा, पोस्टाची तिकिटं चिकटवायचा."

मास्तर परत बसले. भाचा येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांनीच ती टोपी काढून दुसरीकडे बसवली होती. बावीस वर्षांत त्यांनी त्या डिस्कवर केलेलं एवढंच काय ते कष्टाचं काम.

टोपी जागेवर गेली. या वेळी पडद्यावर फोल्डर उमटलं: 'कादंबरी'. आत एक फाइल होती. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली त्याहून मोठ्या अक्षरांत लेखकाचं नाव, मग बायकोला उद्देशून चार ओळींची अर्पणपत्रिका, मग एक वाक्य: 'सकाळ झाली होती.' दुरुस्तीवालीने पान पुढे सरकवायचा प्रयत्न केला. ते सरकलं नाही.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात गृहपाठ न आणलेल्या मुलांना आपण बाकावर उभं करायचो, हे त्यांना नको तेव्हा आठवलं.

"आणि हे दुसरं फोल्डर, 'वाणसामान', कोणाचं?" दुरुस्तीवालीने विचारलं. "एकतीस प्रकरणं आहेत. सगळी दुपारी लिहिलेली."

"दुपारी तर मी शाळेत असायचो," मास्तर म्हणाले.

"ते माझं," बायको म्हणाली. "तेच न्यायला आलेय."

ती पिशवीचे बंद सारखे करत होती.

"मग इतकी वर्षं का नाही गं काढून आणलंस?"

"माझं काढायचं तर तुमचंही उघडावं लागलं असतं." "परवा हिशेब केला, तीन वर्षांत कोणी तुमच्या कादंबरीचं विचारलेलं नाही. म्हटलं, आता हरकत नाही."

मास्तरांचे डोळे भरून आले. लाजेने की कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी चष्मा पुसला, स्टूल पडद्याजवळ ओढलं आणि वाणसामानाचं पहिलं पान वाचलं. मग दुसरं. तिसऱ्या पानावर एक माणूस दार लावून पत्ते खेळत होता आणि त्याची बायको बाहेर पाहुण्यांना, हळू बोला, लिहितायत, म्हणून सांगत होती. मास्तर इतके मोठ्याने हसले की दुरुस्तीवाली दचकली.

"पुढे कर," ते म्हणाले.

"घरी वाचा," बायको म्हणाली.

दुरुस्तीवालीने पेनड्राइव्ह लावला. वाणसामान उतरायला लागलं. मग तिने जरा संकोचून विचारलं, "काकू, काकांच्या फाइलचं काय करू?"

"तीही घे गं," बायको म्हणाली. "जागा कितीशी लागणार आहे तिला?"