पाठकोऱ्या चिठ्ठ्यांची पेटी

मी पेटी बोलतेय. चोवीस खणांची, सागवानी, वयाने थकलेली. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दाराजवळच्या काचेशेजारी मला ठेवलंय. येणारेजाणारे मायेने हात फिरवतात, म्हणतात, "किती शांत दिसते नाही!" त्यांना काय ठाऊक, मी अकरा वर्षं डूख धरून बसले होते.

एका सुताराने मला औषधाच्या दुकानासाठी घडवलं. दुकान बंद झालं तेव्हा बाईंनी मला हातगाडीवर घालून विद्यापीठात आणलं. बाई चिनी भाषा शिकवायच्या. सकाळी पहिल्या वर्षाची मुलं एकच अक्षर आवाजाच्या चार चढउतारांत म्हणायची, दर सुराला अर्थ वेगळा, आणि चारही वेळा चुकायची. बाई म्हणायच्या, "अरे, तू आत्ता आईला घोडा म्हणालास. घरी जाऊन माफी माग." वर्ग हसायचा. पण दुपारी एखादी जुनी कविता शिकवताना त्याच वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

तास संपले की बाई माझ्यापाशी बसायच्या. चिनी शब्दांचा आपल्या भाषेतला कोश त्यांना करायचा होता. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, वापराचं एखादं वाक्य. कोरा कागद त्यांनी कधी घेतला नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, सभांच्या सूचना, लेकीच्या गणिताच्या वह्या, सगळे पाठकोरे कागद त्या कात्रीने कापायच्या. शिपाई चिडवायचा, "बाई, कोशापेक्षा रद्दीच जास्त जमवलीत!" बाई म्हणायच्या, "एक बाजू अजून जिवंत आहे की रे."

लेक शाळा सुटल्यावर यायची आणि मान तिरकी करून, अक्षरांतल्या खुणा बघून, रेघा मोजून चिठ्ठ्या लावायची. ज्या अक्षरांत काळजाची खूण असते, त्यांचा खण अकरावा. माया, भीती, आठवण, सगळं तिथे.

विभागप्रमुख बाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान. बाईंना ताई म्हणायचे, त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायचे, अडलेले अर्थ विचारून जायचे. बाकी सगळे त्यांना साहेब म्हणायचे, लेक मात्र काका.

बाईंनी बढतीसाठी अर्ज केला तेव्हा त्याच काकांच्या सहीचा कागद आला. "आपले काम केवळ शब्दांच्या चिठ्ठ्या साठवण्यापुरते असून त्यास संशोधन म्हणता येणार नाही." बाईंनी तो दोनदा वाचला. मग कात्री घेतली.

"आई, साहेबांचा कागद आहे तो! फाडायचा नसतो!"

"फाडत नाहीये गं. वापरतेय."

आठ तुकडे झाले. कोऱ्या बाजूवर बाईंनी आठ शब्द लिहिले. पहिला शब्द 'सहन करणे'. त्या अक्षरात काळजावर सुरीचं पातं असतं. आठही चिठ्ठ्या त्यांनी अकराव्या खणात टाकल्या आणि तो दणकन लावला. एवढ्या वर्षांत तेवढा एकदाच. माझी तिथली पट्टी अजून चिरलेली आहे.

तीस वर्षांत खण भरत आले, आणि बाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी लेकीच्या हाताला धरून यायच्या, दोन चिठ्ठ्या लिहायच्या, दमायच्या. मग यायच्या थांबल्या. चष्म्याचं घर माझ्या डोक्यावरच राहिलं. ते कुणी, कधी उचललं, मला कळलं नाही.

"पेटी इथेच राहू दे, ताईंची आठवण," साहेब लेकीला म्हणाले. दोन वर्षांत माझ्या चिठ्ठ्या टाइप झाल्या, फक्त वरची बाजू. कोश निघाला. नाव साहेबांचं. बाई कुठे होत्या? आभाराच्या पानावर, टायपिस्ट आणि चहावाल्याच्या मध्ये.

लेक भेटायला आली. "काका, निदान तिचं नाव तरी घाला."

"अगं, चिठ्ठ्या काय, कुणीही लिहितं. कोश करणं वेगळं असतं."

"मग पेटी तरी द्या."

"पेटी? ती वाळवीने खाल्ली गं. टाकून दिली."

मी तेव्हा पलीकडच्या अडगळीत होते, मोडक्या खुर्च्यांखाली. भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. त्या दिवशी ठरवलं, याचं उट्टं काढल्याशिवाय मोडायचं नाही.

साहेबांच्या निवृत्तीचा सत्कार ठरला. मला पुसून, पॉलिश करून सभागृहात आणलं. गळ्यात पाटी: 'सरांच्या हस्ताक्षरातील चिठ्ठ्या'. चिनी अक्षर कुणाच्या हातचं हे ओळखणारे होतेच किती? पण माझा फोटो वर्तमानपत्रात आला, आणि समारंभाला न बोलावलेली एक पाहुणी शेवटच्या रांगेत येऊन बसली. केस पांढरे झालेले, पण मान तिरकी करून बघायची सवय तीच.

भाषणं संपल्यावर ती पुढे आली. "सर, एखादी चिठ्ठी दाखवा ना."

साहेबांनी तिला ओळखलं नाही. खुशीत पहिला खण ओढला. मी अंग आवळून घेतलं. दुसरा, पाचवा, नववा. एकही हलू दिला नाही. "म्हातारी झाली, हट्टी झाली," साहेब म्हणाले. लोक हसले. अकराव्याला हात लागला आणि मी अंग सैल सोडलं.

साहेबांनी चिठ्ठी उंच धरली. "सहन करणे! बघा, काळजावर सुरी. या एका शब्दासाठी मी किती रात्री जागलो!"

"आता उलटी करा, काका."

काका शब्द ऐकला आणि साहेबांचा हात थांबला. शेजारी बसलेल्या कुलगुरूंनी सहज ती चिठ्ठी घेऊन उलटी केली. लेकीने खणातून उरलेल्या सात काढल्या आणि एकेक करून टेबलावर जुळवल्या. तिला जागा शोधावी लागली नाही. कुलगुरूंनी चष्मा लावून वरचं बाईंचं नाव वाचलं, मग मोठ्याने पुढचं, "...केवळ शब्दांच्या चिठ्ठ्या साठवण्यापुरते..." मग आठव्या तुकड्यावरची सही वाचली.

"पाठीमागे कधी बघितलंच नाहीत ना?" लेक एवढंच म्हणाली.

आता कोशावर बाईंचं नाव आहे. त्या आठ चिठ्ठ्या काचेखाली आहेत, सही वर करून. तुम्ही आलात तर माझा कुठलाही खण ओढा, सगळे अलगद उघडतात. फक्त चिठ्ठी हातात घ्याल तेव्हा उलटूनही बघा. बाईंचा सगळा संसार तिकडे आहे.

लेकीने साहेबांना माफ केलं म्हणतात. ती माणूस आहे. मी लाकूड आहे.

परवा साहेब येऊन गेले. काचेपुढे वाकून त्यांनी स्वतःची सही बघितली. मग ग्रंथपालाला हळूच म्हणाले, "या चिठ्ठ्या निदान सुलट तरी ठेवा हो."

ग्रंथपालाने मान वर न करता विचारलं, "सर, सुलट बाजू कोणती?"