गळ्यातला लाल बिल्ला

मित्रांनो, समुद्रात उभा राहून म्हातारा झालेला एक व्होल्टेज नियंत्रक तुमच्याशी बोलतो आहे. हो, भर समुद्रात! किनारा दिसतसुद्धा नाही अशा ठिकाणी लोखंडी खांबांवर आमचं उपकेंद्र आहे. भोवती पवनचक्क्या गरगरतात. त्यांची वीज आधी आमच्याकडे येते आणि मग समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून घराघरांत जाते. उपकेंद्रात एक मोठं रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे. मी त्याला चिकटून बसलेला असतो.

ज्या फिटरने मला घडवलं, त्याने माझा एकेक भाग डोळ्यांजवळ धरून घासला होता. मला पेटीत ठेवताना तो म्हणाला, "समुद्रावर चाललास, माझं नाक कापू नकोस." ते मी विसरलेलो नाही.

वारा मोठा लहरी. त्याच्या लहरीप्रमाणे व्होल्टेजही वर-खाली होतं. फार चढलं तर यंत्रं आतून जळतात. म्हणून ते चढलं की मी एक पायरी उतरतो, टक्! पडलं की एक पायरी चढतो, टक्! एवढंच माझं काम. पण इतक्या वर्षांत माझ्या रोहित्राच्या केसालाही धक्का लागलेला नाही. बढाई म्हणा हवं तर!

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना सगळे आत्या म्हणतात, कारण त्या आल्या आल्या सगळ्यांना झापतात. त्यांना आणणारी बोट त्यांचा नवराच चालवतो, आणि दोघं वाटभर भांडतात. मध्यंतरी किनाऱ्यावरच्या ऑफिसातले साहेब येऊन म्हणाले, "हा जुना झाला, नवीन बसवू." आत्या ठणकावून म्हणाली, "याला हात लावू नका. याच्यामुळे काही बिघडलं, तर जबाबदारी माझी." काय सांगू, मी हरखून गेलो.

माझ्या पेटीत एक खटका आहे. एका बाजूला 'आपोआप', दुसऱ्या बाजूला 'हात'. दुरुस्तीआधी मला 'हात'वर टाकतात. मग मी स्वतःहून हलत नाही आणि किनाऱ्यावरच्या ऑफिसचंही ऐकत नाही. म्हणून इथली रीत अशी, की खटक्यावरचा लाल बिल्ला काढून गळ्यात घालायचा आणि खटका परत फिरवल्यावरच उतरवायचा.

त्या दुपारी आत्या माझ्या मोटरला ग्रीस लावत होती. वाऱ्याने बिल्ला सारखा तोंडावर यायला लागला. वैतागून तिने तो जॅकेटच्या आत खुपसला. तेवढ्यात खालून नवरा ओरडला, "अगं, लाटा बघ! येतेस, की राहतेस तुझ्या त्या म्हाताऱ्याजवळ?"

आत्याने पेटी धाडकन लावली आणि ती उतरली. खटका तसाच 'हात'वर राहिला.

वारा चढला. व्होल्टेज चढलं. मला सगळं कळत होतं आणि हलता मात्र येत नव्हतं. रोहित्राचा आवाज बदलला, रिकाम्या खोलीत भोंगा वाजू लागला. मला भंगारात जाण्याची भीती वाटली नाही, पण आत्याने माझ्यासाठी दिलेला शब्द आठवला आणि जीव कासावीस झाला.

बोटीत काय झालं ते मला त्यांच्या पुढच्या भांडणांतून कळलं. आत्याने जॅकेट उतरवलं आणि नवरा म्हणाला, "हे काय गं गळ्यात?" "खटका!" ती ओरडली. त्याने लगेच बोट वळवली.

बोट खाली हेलकावत होती. तो "सांभाळून गं!" म्हणून ओरडत होता आणि आत्या ओल्या शिडीवरून चढत होती. तिने पेटी उघडली, खटका फिरवला. मग मात्र मी थांबलो नाही. टक्! टक्! टक्! एकेक पायरी उतरत मी व्होल्टेज जागेवर आणलं. भोंगा थांबला. रोहित्र पुन्हा नेहमीसारखं घुमू लागलं.

आत्याने माझ्या पेटीवर हात ठेवला. "चूक माझी रे, तू कसला भारी निघालास!" मग तिने साहेबांना फोन लावून सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "मग राहू दे त्याला. पण बिल्ला यापुढे जॅकेटच्या बाहेर!"

आता नवरा आधी आत्याच्या गळ्याकडे बघतो आणि मगच इंजिन सुरू करतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी मुकाट्याने राखण करत असेल. कामापुरतं त्याला थांबवलंत, तर निघण्याआधी पुन्हा सुरू करा. बाकीचं आम्ही बघून घेतो. टक्!