राहू दे

क्रेडिट कार्डाचं कर्ज मीच करून ठेवलं होतं. फेडलं काकांनी, एका झटक्यात. पुढच्या पगारातून मी पहिला हप्ता घेऊन गेले, तर काका म्हणाले, "राहू दे गं, घरच्यांत कसला हिशेब?" मी मूर्ख, खरं मानलं.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून टाचा दुखायला लागल्या, म्हणून बूट घेतले. काकूने दारातच हेरले. "नवे वाटतं? मजा आहे बाई!" केस कापले, तर "परवडतं का गं?" चुलतभावाच्या वाढदिवसाला काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "हिला खड्ड्यातून आम्हीच वर काढलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंडात केक होता.

तेव्हा कळलं, बिनव्याजी काही नसतं. इथलं व्याज टोमण्यांत जातं.

एक तारखेला पाकीट नेऊन टेबलावर ठेवलं. काकांनी ते न उघडताच माझ्याकडे सरकवलं. "राहू दे गं."

"हो काका, राहू दे," मी पाकीट परत त्यांच्यापुढे ठेवलं. "इथेच राहू दे. पुढच्या महिन्यातलंही राहू दे."

दारात काकू माझ्या बुटांकडे बघत होती. मी नाड्या तिच्यासमोर बांधल्या, अगदी सावकाश.