साच्यातला मुलगा

प्लॅस्टिक ओतायच्या मशीनवरच्या काकांनी चिमट्याने गरम काडी उचलली आणि तिने पुढे केलेल्या रुमालावर ठेवली. काडीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची इवलीशी माणसं चिकटलेली होती: हमाल, वर्तमानपत्र वाचणारा, छत्रीवाली बाई, हात हलवणारी मुलगी. छोट्या रेल्वेच्या छोट्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभी करायची माणसं.

“हा शेवटचा घाणा,” काका म्हणाले. “आणि ही म्हणजे तूच की. ओळखलंस का?”

ओळखलं होतं. चार वर्षांची असताना वडिलांनी तिला खुर्चीवर उभं करून हात वर धरायला लावला होता, ती रडकुंडीला येईपर्यंत. पण आत्ता ती पाहत होती काडीच्या टोकाकडे. तिथे कुणीच नव्हतं.

वडील या कारखान्यात साचे कोरायचे. डोळ्याला भिंग अडकवून दिवसभर पोलादावर वाकलेले; कामगार त्यांना भिंगमास्तर म्हणत. गेल्या महिन्यात ते गेले. कारखाना त्याआधीच विकला गेला होता. जुन्या वाफेच्या गाड्या जपणाऱ्या संग्रहालयाची माणसं येऊन इंजिनांचे आणि डब्यांचे साचे गोंजारत घेऊन गेली, कारण त्यातली काही इंजिनं आता फक्त त्या साच्यांतच उरली होती. माणसांचे साचे त्यांना नको होते. ते भंगारात जाणार होते. टेंपो फाटकाशी लागला होता आणि भंगारवाला अधूनमधून आत डोकावून जात होता.

तिचा थोरला भाऊ पस्तीस वर्षांपूर्वी, सातव्या वर्षी तापाने गेला. नंतर एका दुपारी वडिलांनी घरातले त्याचे सगळे फोटो उचलले. कुठे ठेवले, की जाळले, हे आईने कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते कामावर गेले, आणि पुढे कधी त्यांनी त्याचं नाव घेतलं नाही. ‘दगड आहे तो माणूस,’ आई म्हणायची, भाजी चिरता चिरता, मान वर न करता. तीन वर्षांपूर्वी गेली तीही तेच मनात धरून. आता वडिलांच्या मागे तिने कपाटं उपसली, माळा झाडला, गाद्यांच्या खोळीसुद्धा उलट्या केल्या. फोटो मिळाला नाही. दादाचा चेहरा तिला आठवत नव्हता. पण आईने एकदा सांगितलं होतं, की वडिलांनी साच्यात दोन्ही मुलांना कोरलं होतं. त्याच्या पाठीला दप्तर होतं, हनुवटी वर. संच बाजारात येण्याआधीच तो गेला, आणि संचातूनही गेला.

तो मुलगा साच्यात अजून आहे का, तिने काकांना विचारलं.

आहे, ते म्हणाले, साच्यातला टोकाचा खळगा त्याचाच, पण तिकडे जाणाऱ्या वाटेत स्क्रू बसवलाय, प्लॅस्टिक पोचत नाही. मास्तरांनी स्वतः बसवलेला. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

“उघडाल का? एकदाच.”

भंगारवाल्याने दारातूनच कुरकुर केली. ताईंचं होईपर्यंत त्याचा दिवस इथेच मावळायचा. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“बस की जरा. लोखंड काय पळून चाललंय?”

इतक्या वर्षांचा स्क्रू, गंजून बसला असणार, म्हणून ते तेलाची बुधली आणि हातोडी घेऊन आले. दोन्हींची गरज पडली नाही. पेचकस लावताच स्क्रू फिरला. पुढे तर बोटांनीच निघाला. काकांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने आटे पुसले. अंगठ्याला ग्रीस लागलं. काळं पडलेलं नव्हतं, स्वच्छ होतं.

त्यांनी तो अंगठा तिला दाखवला. मग म्हणाले, की वर्षातून एकदा, कारखाना साफसफाईला बंद असताना, मास्तर हा साचा आपल्या टेबलावर मागवून घ्यायचे. पुसून ठेवतो म्हणायचे.

साचा मिटला. मशीनने दम घेतल्यासारखा आवाज केला, थांबलं, उघडलं. काडीच्या टोकाशी कुणीतरी होतं.

तिने चटका सोसत त्याला मोडून घेतलं. दप्तर नव्हतं. खांदे रुंद होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कपाळावरचे केस मागे हटलेले, पोट किंचित सुटलेलं. चाळिशीचा माणूस. शेजारच्या हमालापेक्षा डोकंभर उंच.

“हा मापाबाहेर गेलाय,” काका म्हणाले. “गाडीच्या दारातून आत जायचा नाही.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला. मग भिंग लावून ते साच्यावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“एका बैठकीचं काम नाही हे,” ते अखेर म्हणाले. “दर वेळी थोडं थोडं घेतलंय. केसाएवढं.”

“मग आधीचा?”

“कुठला?”

“लहान. दप्तरवाला.”

काकांनी भिंग काढून खिशात ठेवलं. “पोलाद कोरून काढता येतं, पोरी. काढलेलं परत बसवता येत नाही. साच्यातला माणूस मोठाच होत जातो.”

“म्हणजे तो नाहीच?”

“यातच होता,” काका म्हणाले. “कोरता कोरता गेला.”

तिने हातातल्या माणसाचा चेहरा पाहिला. नाक, डोळे, ओठांच्या कडा, सगळं होतं, आणि ती त्याला ओळखत नव्हती.

भंगारवाला हातगाडी ढकलत आत आला. काकांनी साचा मशीनवरून सोडवायला घेतला, मग हात थांबवून तिच्याकडे पाहिलं.

“मशीन गरम आहे तोवर अजून एखादा काढून देऊ? घरात कुणाला द्यायला?”

“घरात कुणी नाही, काका.”

त्यांनी मान हलवली आणि पाना फिरवला. दोघांनी मिळून साचा हातगाडीवर उतरवला. चाकं फरशीवर करकरली. ती वाटेतच उभी होती. भंगारवाल्याने “ताई” म्हटलं, तशी ती बाजूला झाली.