दक्षिणेचं दार

येरमाळ्याजवळ हायवेला महारुद्रनं मंगल कार्यालय बांधलं, त्यात काय नव्हतं! कमानीवर दोन हत्ती होते, नवरदेवाच्या खोलीत गोल पलंग होता, हात धुवायला सोनेरी नळ होते. पाटीवर आईचं नाव होतं, 'मातोश्री धुरपदाबाई मंगल कार्यालय'. नव्हतं ते फक्त बाहेर पडायचं दुसरं दार. नेमकं तेच अग्निशमनच्या साहेबांच्या डोळ्यांत भरलं.

साहेबांचं नाव शंभुलिंग. महारुद्रनं त्यांना चहा पाजला, जेवू घातलं, मोठ्या लोकांच्या ओळखी सांगितल्या. साहेबांनी चहा घेतला, जेवण केलं, ओळखीही ऐकल्या आणि म्हणाले, "आधी भिंतीत दुसरं दार पाडा, मग एनओसी." असा नियमाचा माणूस नेमका आपल्याच वाट्याला यावा, याचं महारुद्रला फार वाईट वाटलं. कार्यालयातलं पहिलं लग्न त्याच्या पोरीचं, वैष्णवीचं होतं. नवरदेवाकडच्या, ईट गावच्या पाव्हण्यांना पत्रिका गेल्या होत्या आणि एनओसीशिवाय हॉल उघडता येत नव्हता.

दार पाडायचं तर कुठं? मागं स्टेज आणि भटारखाना, उत्तरेला शेजाऱ्याचा धाबा अगदी चिकटून. मोकळी भिंत एकच, दक्षिणेची. ते ऐकून वास्तुवाले योगीराज गुरुजी खुर्चीतून उठलेच. "दक्षिण म्हणजे यमाची दिशा! त्या दारातून लक्ष्मी जाते आणि यम येतो." मग दक्षिणेचा विषय निघाल्यावर स्वतःची दक्षिणा आठवून ते जरा नरमले. "उपाय आहे. दार पाडा, पण उघडू नका."

उपाय महारुद्रला एकदम पटला. दार बसलं. साहेब आले, दारातून बाहेर गेले, आत आले, फोटो काढला. आग विझवायचे लाल सिलिंडर भिंतीला टांगलेले बघून त्यांनी मान डोलावली. एनओसी हातात पडली त्याच दिवशी दाराला कुलूप लागलं, वर तांब्याची पट्टी ठोकली गेली आणि पुढं मखमली पडदा सोडला गेला. सिलिंडरांना हळद-कुंकू लावून, वरचं प्लास्टिकही न काढता, ते कपाटात ठेवले गेले. बाहेर ठेवले तर लोक चोरतात.

धुरपदाबाईनं पडदा बाजूला करून कुलूप बघितलं. म्हातारीचं माहेर सास्तूर. त्र्याण्णवच्या भूकंपात त्या घरातलं एक माणूस उरलं नव्हतं. तेव्हापासून समोर उघडं दार दिसल्याशिवाय ती कुठल्या खोलीत टेकत नसे.

"आरं महारुद्रा, दार केलंस तर कुलूप कशाला?"

"माय, वास्तुदोष हाय. यमाची दिशा हाय ती."

"आमच्या सास्तूरच्या घराचं दार पूर्वेलाच व्हतं, बाबा. कोण वाचलं?"

"तुला न्हाय कळायचं त्यातलं," महारुद्र म्हणाला. ज्या आईचं नाव पाटीवर हातभर अक्षरात लिहिलं, तिचं ऐकायचं कशाला?

लग्नाच्या दिवशी दक्षिणेच्या पडद्यापुढं रुखवत मांडलं. नवरीची एन्ट्री झाली, स्टेजच्या दोन्ही बाजूंनी फुलबाज्यांचे फवारे उडाले. लोक मोबाईल वर करून बघतायत तोवर झालरीनं पेट घेतला, झालरीवरून छताच्या कापडानं. सगळा हॉल पुढच्या दाराकडं धावला. तिथं बँडवाले, नवरदेवाची गाडी आणि उशिरा आलेले पाव्हणे, सगळे एकदमच आत घुसत होते.

महारुद्रचा हात कंबरेच्या किल्ल्यांवर गेला आणि तिथंच थांबला. पोटची पोर स्टेजवर, वर आग, आणि या बाबाच्या डोक्यात यम! धुरपदाबाईनं जुडगा हिसकावला, रुखवतात पाय घातला आणि कुलूप काढलं. शेवयांचे हार, साखरेची तुळस, लाडवांचा डोंगर सगळं तुडवत वैष्णवी आणि ईटचे पाव्हणे यमाच्या दारानं सुखरूप बाहेर पडले. कपाटाची किल्ली कुणाला सापडेना, म्हणून आग हात धुवायच्या टँकरनं विझवली. उरलेलं लग्न बाहेर आवारातल्या लिंबाखाली लागलं.

तिसऱ्या दिवशी योगीराज गुरुजी आले. "उघडू नका म्हटलं होतं ना? उघडलं, आणि बघा काय झालं."

"गुरुजी, आग आधी लागली. दार मागून उघडलं," महारुद्रची बायको सोनाली म्हणाली.

"यमाला आधी आणि मागून असं काही नसतं, ताई."

महारुद्रला हेही पटलं. त्यानं दार काढून ती जागा विटांनी बंद केली. ओल्या गिलाव्याचा डाग दिसू नये म्हणून एनओसीला सोनेरी चौकट करून ती तिथंच टांगली.

पुढच्या तिथीला दुसरं लग्न होतं. धुरपदाबाई आली आणि लिंबाखाली खुर्ची टाकून बसली.

"आजी, आत चला की," नवरीचा बाप म्हणाला.

"तुमी जावा, बाबा. माज्या अक्षता हितूनबी पडत्याल."

पहिल्या लग्नाला आलेलं कुणीतरी हसलं आणि आपली खुर्ची तिच्याशेजारी ओढून बसलं. मग दुसरं उठलं. मग बायका पोरांना घेऊन उठल्या. महारुद्र दारातूनच एकेकाला आग्रह करायला लागला, "आवं, एसी लावलाय आत!" लोक व्हय व्हय म्हणायचे आणि खुर्ची उचलायचे. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या वेळी हॉलमध्ये नवरा-नवरी, त्यांचे मामा आणि भटजी उरले होते.

भटजींनी रिकाम्या हॉलकडं बघितलं आणि महारुद्रपाशी येऊन दबक्या आवाजात विचारलं, "मालक, हॉलची परवानगी हाय नव्हं तुमच्याकडं?"

"हाय की! ती बघा," महारुद्रनं तोऱ्यात दक्षिणेच्या भिंतीकडं बोट केलं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सकाळपासून तो स्वतःही पुढच्या दाराच्या उंबऱ्यातच उभा आहे, एक पाय बाहेर टाकून.